प्रकल्प नोंदी: रस्ता शोधणारं यंत्र घरच्या घरी

७ जानेवारी

काय ठरवलंय ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने मीच विचारणार की हे सगळं कशासाठी चाललं होतं. गाडीत लावायचं छोटं नेव्हिगेशन यंत्र करायचंय, नेट नसलं तरी चालेल असं, म्हणजे नकाशा आतच भरलेला, जीपीएस मॉड्यूल लावलेलं आणि रस्ता त्याने स्वतः काढायचा. तयार लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड) उचलली तर एका दुपारचं काम आहे, मान्य, पण मग आत काय होतं ते कधीच कळणार नाही, म्हणून रूटिंगचा, म्हणजे रस्ता काढण्याचा भाग हाताने लिहिणार. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ पासून लोक मिळून बनवतायत, फुकट आहे आणि मुख्य म्हणजे कच्चा डेटा मिळतो.

स्क्रीनवर आपण बघतो तो नकाशा डोळ्यांसाठी असतो. यंत्राला बागा, तळी, रंग, नावं यातलं काही नको. कुठला बिंदू कुठल्या बिंदूला जोडलाय आणि तिकडे जायला किती खर्च येतो, एवढंच सांगा, बाकीचं ते बघतं. हा ‘खर्च’ म्हणजे नक्की काय हे ठरवण्यातच बहुतेक वेळ जाणार असं आत्ताच वाटतंय.

९ जानेवारी

डेटा उघडून बसलो. नोड म्हणजे अक्षांश-रेखांश असलेला एक बिंदू, वे म्हणजे अशा नोडची ओळीने लावलेली माळ, आणि रिलेशन म्हणजे यांना एकत्र बांधणारी नोंद. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर ७ आकड्यांपर्यंत ठेवतात, म्हणजे साधारण सेंटीमीटरभर बारकाई, अर्थात एवढं अचूक कुणी काढलेलं नसतं ती गोष्ट वेगळी.

बहुतेक नोड रस्त्याचा बाक दाखवण्यापुरतेच असतात, रूटिंगला त्यांचा काही उपयोग नाही. त्यामुळे आधी एक फेरी मारून मोजलं की कुठला नोड किती वेजमध्ये येतो, दोन किंवा जास्त वेजमध्ये येणारा तो चौक, टोकाचा असेल तरी ठेवायचा, बाकी सगळे गाळून मधल्या तुकड्यांच्या लांबीची बेरीज एका एजवर (दोन नोडना जोडणाऱ्या दुव्यावर) टाकायची. लांबी हॅवरसाइनने (गोलावरचं अंतर काढायचं सूत्र), पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरून. ग्राफ, म्हणजे नोड आणि एजचं हे जाळं, एकदम हलका झाला. गाळलेले नोड फेकून द्यायचे नाहीत मात्र, स्क्रीनवर रेघ काढताना लागतात, नाहीतर घाटातला रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसतो.

उड्डाणपुलाचं इथे फार छान दिसतं. नकाशावर पुलाची रेघ खालच्या रस्त्याच्या रेघेला कापून जाते पण दोघांत सामाईक नोड नसतो, म्हणून ग्राफमध्ये ते एकमेकांना भेटतच नाहीत. रेघ रेघेला कापते तिथे चौक असं कुणी गणिताने ठरवायला गेलं तर यंत्र बिनधास्त सांगेल की पुलावरून डावीकडे वळा. उलटही होतं, खरा चौक असतो पण नकाशा काढणाऱ्याने नोड जोडलेला नसतो, मग डोळ्यांना रस्ता अखंड दिसतो आणि यंत्र लांबून वळसा घालतं. वापरणारा म्हणतो अल्गोरिदम भंगार आहे. अल्गोरिदम बिचारा काय करणार!

१२ जानेवारी

डाइक्स्ट्रा, म्हणजे सगळ्यात स्वस्त रस्ता काढायचा अल्गोरिदम, लिहून झाला. यात खरंच फार काही नाही, निघायच्या नोडला शून्य लावायचं, बाकीच्यांना अनंत, मग प्रायॉरिटी क्यूमधून (स्वस्त आधी बाहेर येईल अशी रांग) सगळ्यात स्वस्त नोड काढायचा, त्याच्या शेजाऱ्यांना ‘माझ्यामार्गे आलास तर एवढ्यात पोचशील’ असं सांगायचं, आणि आधीपेक्षा स्वस्त पडत असेल तर आकडा बदलायचा. तेलाचा थेंब कागदावर पसरतो तसा शोध चहूकडे पसरत जातो, मुक्कामाचा नोड क्यूमधून बाहेर आला की थांबायचं. त्या क्षणी त्याचा आकडा पक्का असतो, कारण क्यूत उरलेले सगळे त्याच्याइतके तरी महाग आहेत आणि कुठल्याही एजचा खर्च उणे नाही.

एडस्खर डाइक्स्ट्राला हे १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पिताना वीसेक मिनिटांत सुचलं, कागद-पेन्सिल न घेता. अरमॅक नावाचा नवा कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता, त्यासाठी सामान्य माणसाला कळेल असा प्रश्न हवा होता म्हणून नेदरलँड्समधली ६४ शहरं घेतली, ६४ का तर ६ बिटमध्ये बसतात. छापून आलं ते १९५९ मध्ये. आज प्रत्येक गाडीत आहे ते मुळात एका डेमोसाठी केलेलं काम, हे मला फार आवडतं.

१५ जानेवारी

आता खर्चाचं बघू. लांबी हाच खर्च धरला तर यंत्र गल्लीबोळातून नेतं, कारण बोळ नेहमीच जवळचा असतो. समजा एक रस्ता १२०० मीटरचा, ताशी ६० चा, आणि दुसरा ९०० मीटरचा पण ताशी ३० चा. लांबीने बघितलं तर दुसरा जिंकतो, वेळेने बघितलं तर पहिल्याला ७२ सेकंद लागतात आणि दुसऱ्याला १०८. म्हणून खर्च सेकंदात. मग सगळंच सेकंदात आणावं लागतं, सिग्नलला थांबणं, वळण घेताना गाडी हळू होणं, खराब डांबर, सगळं.

नकाशात वेगमर्यादा सगळीकडे भरलेली नसते, तेव्हा रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज लावायचा, मोटरवेला एवढा, मुख्य रस्त्याला एवढा, वस्तीतल्या रस्त्याला एवढा. आणि वेगमर्यादा म्हणजे खरा वेग नव्हेच, ८० ची पाटी असलेल्या वळणावळणाच्या रस्त्यावर ८० ने कोण जातंय? मी बाकाचा कोन बघून थोडा वेग कापतो, ढोबळ आहे पण चालतंय.

त्यातही जे सेकंदात मोजता येत नाही ते राहतंच. दीड मिनिट वाचवण्यासाठी यंत्राने एका अरुंद रस्त्यावर चार वळणं घ्यायला लावली तर मला तो रस्ता नको आहे, भले तो सगळ्यात जलद असो. म्हणून प्रत्येक वळणावर थोडा जादा दंड टाकलाय, खऱ्या वेळेपेक्षा थोडा जास्तच. पोचायची वेळ दाखवताना हा जादा दंड वजा करायचा. म्हणजे निवडताना एक हिशोब आणि सांगताना दुसरा, जरा खोटं वाटतं, पण याशिवाय रस्ता माणसाने काढल्यासारखा येत नाही.

१९ जानेवारी

छोटी कामं उरकली. वनवे एकाच दिशेने घातले, आणि राउंडअबाउटवर वनवे असं वेगळं लिहिलेलं नसलं तरी तो वनवेच धरायचा. काही रस्ते ‘फक्त तिथे जाणाऱ्यांसाठी’ असतात, मधून निघून जायला मनाई, ते सरळ बंद करता येत नाहीत कारण मुक्कामच आत असू शकतो. सध्या त्यांच्यात शिरतानाच मोठा दंड लावलाय, त्यामुळे आत काम असेल तरच यंत्र शिरतं.

आणि बेटं! टोल प्लाझामागचा तुकडा, चुकीच्या दिशेचा वनवे असलेली वसाहत, कशालाच न जोडलेला पार्किंगचा रस्ता. यातल्या एखाद्यावर मुक्काम पडला तर शोध अख्खा ग्राफ पालथा घालून शेवटी ‘रस्ता नाही’ म्हणतो. टार्जनचा अल्गोरिदम चालवून एकमेकांपर्यंत जाता-येता येईल असे गट काढले, सगळ्यात मोठा गट ठेवला, बाकी बाजूला.

२३ जानेवारी

वळणबंदी. हा भाग सगळ्यात किचकट आहे आणि बहुतेक ट्यूटोरियलवाले इथेच कल्टी मारतात.

नकाशात ती रिलेशन म्हणून येते: या रस्त्याने आलात, या नोडवर पोचलात, तर त्या रस्त्याला जायचं नाही. ऐकायला सोपं, पण डाइक्स्ट्रा प्रत्येक नोडसाठी एकच आकडा ठेवतो, सगळ्यात लवकर पोचायचा. आता समजा चौकात पश्चिमेकडून ४० व्या सेकंदाला पोचता येतं आणि दक्षिणेकडून ५० व्या. नोडवर ४० लिहिलं जातं, ५० वाला फेकला जातो. पण पश्चिमेकडून येणाऱ्याला उत्तरेकडे वळायला बंदी आहे, दक्षिणेकडून येणाऱ्याला नाही. म्हणजे जो फेकला तोच कामाचा होता.

उपाय असा की रस्ता, म्हणजे दिशेसकट एज, हाच ग्राफमधला नोड मानायचा आणि वळण ही त्यांना जोडणारी एज. चार दुतर्फा रस्ते भेटतात तो साधा चौक आधी एक नोड होता, आता त्यात ४ येणारे, ४ जाणारे आणि १६ वळणं, यू-टर्न सोडले तर १२. ग्राफ फुगतो, मेमरी जाते, पण बदल्यात वळणाचा खर्च लावायला हक्काची जागा मिळते. जिथे गाड्या डावीकडून चालतात तिथे उजवीकडे वळणं महाग कारण समोरच्या गाड्या कापाव्या लागतात, उजवीकडून चालतात तिथे याच्या उलट, सरळ जाणं दोन्हीकडे स्वस्त.

आणि यातून एक मस्त गोष्ट आपोआप सुटते. उजवीकडे वळायला बंदी असेल तर यंत्र सांगतं सरळ जा, मग डावीकडे, परत डावीकडे, परत डावीकडे, आणि आता त्याच चौकातून आडवे पार व्हा. एका चौकातून दोनदा! नोडवर एकच आकडा ठेवणाऱ्या पद्धतीत हा रस्ता कधीच सापडला नसता, कारण तिथे एकदा मिटवलेल्या नोडवर परत जाताच येत नाही.

२ फेब्रुवारी

वेगाचं काम. शहराच्या तुकड्यावर डाइक्स्ट्रा ठीक चालतो पण मोठा नकाशा टाकला की हे छोटं बोर्ड, म्हणजे यंत्रातला छोटा कॉम्प्युटर, घाम गाळतं. कारण उघड आहे, मुक्काम पूर्वेला असला तरी शोध पश्चिमेलाही तेवढाच पसरतो.

ए-स्टार घातला. हार्ट, नीलसन आणि राफेल या तिघांनी १९६८ मध्ये मांडलेला, तेव्हा ते स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शेकी नावाच्या रोबोटवर काम करत होते. आतापर्यंतच्या खर्चात पुढचा अंदाज मिळवायचा आणि त्या बेरजेने क्यू लावायची, मग शोध मुक्कामाकडे झुकतो. अट एकच, अंदाज खऱ्यापेक्षा जास्त होता कामा नये. मी सरळ रेषेतलं अंतर भागिले नकाशातला सगळ्यात जास्त वेग घेतो. १० किमी आणि ताशी १२० असेल तर अंदाज ३०० सेकंद. कुणी म्हणेल सरासरी ५० धर ना, शोध अजून कमी पसरेल. पसरेल, पण मग अंदाज ७२० सेकंद होतो, आणि जरा बाजूला असलेला मोटरवे, जो खरंतर ४०० सेकंदात नेतो, तो महाग वाटून मागे राहतो. उत्तर पटकन येतं पण ते सगळ्यात चांगलं असेलच याची हमी जाते.

ती अट पाळली की फायदा मध्यमच होतो, हेही लिहून ठेवतो. वेळेच्या हिशोबात सरळ रेषेचा अंदाज फार ढिला पडतो कारण १२० ने कुणीच सगळीकडे जात नाही.

दोन्ही टोकांकडून शोध करून पाहिला, साध्या डाइक्स्ट्राचा. यात गंमत आहे, दोन शोध पहिल्यांदा जिथे भेटतात तिथे थांबायचं नसतं, तो रस्ता सगळ्यात चांगला असेलच असं नाही. दोन्ही क्यूंच्या डोक्यावरच्या आकड्यांची बेरीज आतापर्यंतच्या सगळ्यात चांगल्या उत्तराइतकी किंवा जास्त झाली की मगच थांबायचं.

८ फेब्रुवारी

शेवटी कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीकडे आलोच. कार्ल्सरूहच्या गाइझबर्गर, झांडर्स वगैरे मंडळींनी २००८ मध्ये केलेलं काम. जुनी यंत्रं काय करायची तर दोन्ही टोकांजवळ सगळे रस्ते बघायचे आणि मध्ये फक्त मोठे, चालायचं पण हमी नव्हती. इथे हमी आहे आणि वेग भयानक.

नोडना कमी महत्त्वाच्यापासून जास्त महत्त्वाच्यापर्यंत क्रम द्यायचा आणि त्या क्रमाने एकेक नोड काढत जायचा. काढताना बघायचं की याच्या दोन शेजाऱ्यांमधला सगळ्यात स्वस्त रस्ता याच्यातूनच जात होता का. जात असेल तर त्या शेजाऱ्यांना थेट जोडणारी शॉर्टकट एज टाकायची, तेवढ्याच खर्चाची, आणि दुसरीकडून तेवढ्याच किंवा कमी खर्चात जाता येत असेल तर काहीच टाकायचं नाही. कोपऱ्यातली बंद गल्ली काढली तर एकही शॉर्टकट लागत नाही, नदीवरचा एकुलता एक पूल काढला तर ढीगभर लागतात, म्हणून गल्ल्या आधी जातात आणि पूल शेवटपर्यंत टिकतो. मग शोध दोन्ही टोकांकडून, फक्त वरच्या क्रमाकडे जाणाऱ्या एजवरून. शेवटी शॉर्टकट उलगडले की खरा रस्ता.

संशोधनात कायम वापरतात त्या पश्चिम युरोपच्या ग्राफमध्ये १ कोटी ८० लाखांच्या आसपास नोड आहेत, साध्या डाइक्स्ट्राला तिथे काही सेकंद लागतात, याला एक मिलिसेकंदही नाही. शॉर्टकट बनवायचं काम मी लॅपटॉपवर करून तयार फाइल बोर्डावर टाकतो, बोर्डाला फक्त प्रश्न विचारायचे.

११ फेब्रुवारी

वरच्या नोंदीची दुसरी बाजू. शॉर्टकटमध्ये खर्च आधीच शिजवलेला असतो. एका रस्त्यावर ट्रॅफिक तुंबलं, सेकंद बदलले, की तो रस्ता ज्यात आलाय ते सगळे शॉर्टकट खोटे. मोठ्या नकाशावर दर काही मिनिटांनी सगळं नव्याने करणं परवडत नाही. म्हणून पुढच्या पद्धतींनी काम दोन भागांत तोडलं: नकाशाची जोडणी, जी क्वचित बदलते, ती आधी सावकाश सोडवायची, आणि खर्च नंतर झटपट भरायचे. मी सध्या यात पडत नाही, बोर्डाला नेटच नाही तर लाइव्ह ट्रॅफिक येणार कुठून.

पण वेळापत्रकाचा वेग तरी हवा, सकाळी ८ ला एवढा, दुपारी एवढा. मग रस्त्याचा खर्च तुम्ही तिथे कधी पोचता यावर ठरतो, आणि इथे एक विचित्र खड्डा आहे. २ किमीचा रस्ता घ्या, ९ वाजेपर्यंत वेग २०, नंतर ६०. शिरतानाचाच वेग शेवटपर्यंत धरला तर ८:५९ ला शिरलेल्याला ६ मिनिटं, म्हणजे तो ९:०५ ला बाहेर, आणि ९ ला शिरलेला २ मिनिटांत, ९:०२ ला बाहेर. उशिरा निघालेला आधी पोचला! असं झालं की डाइक्स्ट्राचा पायाच हलतो, कारण लवकर पोचणं फायद्याचं हेच तो गृहीत धरतो. वेग मध्येच बदलू द्यायचा, एवढंच करायचं: पहिल्या मिनिटात ३३३ मीटर, उरलेले १६६७ मीटर ६० च्या वेगाने १०० सेकंदांत, म्हणजे ९:०१:४० ला बाहेर. आता क्रम बरोबर. हे वेळेनुसार बदलणारे खर्च सध्या शॉर्टकटशिवाय, साध्या शोधावरच चालवतोय, जवळच्या अंतरासाठी पुरतं.

१७ फेब्रुवारी

जीपीएस मॉड्यूल जोडलं. ते दर सेकंदाला एनएमईए नावाच्या पद्धतीत ओळी ओकतं, आणि ही पद्धत मुळात जहाजांसाठीची, त्यामुळे वेग नॉटमध्ये येतो, ताशी किमी हवे तर १.८५२ ने गुणा. अक्षांशही सरळ येत नाही, ४८०७.०३८ आलं तर ते ४८ अंश ७.०३८ मिनिटं, म्हणजे मिनिटांना ६० ने भागून अंशात मिळवायचं, ४८.११७३.

उभ्या गाडीत दिशा वाट्टेल ती येते, सिग्नलला थांबलं की स्क्रीनवरचा नकाशा भिंगरीसारखा फिरतो. ताशी ५ किमीच्या खाली गेलं की शेवटची दिशाच धरून ठेवतो.

२१ फेब्रुवारी

गाडी नक्की कुठल्या रस्त्यावर आहे? हे ठरवण्याला मॅप मॅचिंग म्हणतात. मोकळ्या आकाशाखाली चुकीचं अंतर काही मीटरच असतं (२००० च्या मे महिन्यात अमेरिकेने सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड काढली, त्याआधी ते शंभरेक मीटर असायचं), पण मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोडही तेवढ्याच अंतरावर असतात. नुसता जवळचा रस्ता पकडला तर यंत्र दोघांमध्ये उड्या मारतं.

१९८५ चं गाडीत लावायचं एटॅक नेव्हिगेटर बघा, जीपीएसच नाही, नकाशे कॅसेटवर, चाकांचे सेन्सर आणि होकायंत्र यावर अंदाजाने पुढे सरकायचं आणि वळण आलं की नकाशातल्या वळणाशी जुळवून जमा झालेली चूक पुसायची. रस्त्याचा आकार हाच पुरावा. आजची पद्धतही त्याच विचारावर आहे, मायक्रोसॉफ्टच्या न्यूसन आणि क्रुम यांनी २००९ मध्ये मांडलेली मी वापरतोय. प्रत्येक बिंदूसाठी आसपासचे सगळे रस्ते उमेदवार, जितका लांब तितके गुण कमी, आणि आधीच्या उमेदवारापासून याच्यापर्यंत रस्त्याने लागणारं अंतर सरळ अंतराच्या जवळपास असेल तर गुण जास्त. मुख्य रस्त्यावरून सर्व्हिस रोडवर उडी मारायला रस्त्याने अर्धा किलोमीटर वळसा लागत असेल तर एका सेकंदात गाडी तिथे गेलेली नाही, उमेदवार बाद. सगळ्यात जास्त गुणांची साखळी व्हिटर्बी नावाच्या अल्गोरिदमने काढायची. चांगलंच काम करतं, फक्त पुलाखालचा समांतर रस्ता अजून छळतो, तिथे जोडणीचे रॅम्प जवळजवळ असतात.

२८ फेब्रुवारी

निघायचं आणि पोचायचं टोक कधीच नोडवर नसतं, एजच्या मध्ये कुठेतरी असतं. बिंदूपासून एजवर लंब टाकायचा, एज तिथे तोडायची, दोन्ही तुकड्यांना लांबीच्या प्रमाणात खर्च वाटायचा. वनवे असेल तर निघताना पुढचाच तुकडा वापरता येतो आणि पोचताना मागचाच. मुक्काम मोटरवेच्या कुंपणापलीकडे असेल तर लंबाने मोटरवेच जवळचा निघतो आणि यंत्र तिथे ‘पोचलात’ म्हणून मोकळं होतं, म्हणून मोटरवे टोक म्हणून घ्यायचाच नाही असा नियम लिहिला.

४ मार्च

बोलणं. ‘२०० मीटरवर उजवीकडे’ हे ताशी ४० ला १८ सेकंद आधी येतं, ताशी १०० ला फक्त ७, आणि त्यातले दोन-तीन वाक्य बोलण्यातच जातात. म्हणून सूचना अंतरावर न ठेवता वेळेवर ठेवली. रस्ता नुसता वाकला आणि दुसरी वाटच नसेल तर तोंड उघडायचं नाही, पण सरळ वाटणाऱ्या फाट्यावर मात्र बोलायचं. किती बोलायचं यापेक्षा कधी गप्प बसायचं हे ठरवणं जास्त अवघड गेलं.

गाडी रस्ता सोडून गेली तर लगेच नवा रस्ता काढत नाही, मॅप मॅचिंगने सलग काही बिंदू दुसऱ्या रस्त्यावर दाखवले तरच, नाहीतर एका भरकटलेल्या बिंदूवर यंत्र बडबड सुरू करतं. नवा शोध सुरू करताना गाडीची दिशा धरून ठेवायची, म्हणजे निघायची एज दिशेसकट द्यायची, नाहीतर पहिलीच सूचना ‘यू-टर्न घ्या’ अशी येते. आणि जुन्या रस्त्यावर परत येण्यापेक्षा नवा रस्ता अगदी थोड्या सेकंदांनी स्वस्त असेल तर जुनाच ठेवतो, दर चौकात मत बदलणारं यंत्र कुणाला हवंय.

बाकी राहिलेलं: बोगद्यात सिग्नल गेला की शेवटच्या वेगाने पुढे ढकलणं, उंच गाड्यांसाठी पुलांची उंची वाचणं, आणि शॉर्टकटची फाइल अर्ध्यावर आणणं, कारण मेमरी कार्ड भरत आलंय.